मुंबईहून उधव्याला : संततिनियमनाची वाट

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा प्रत्येक भगिनीने काही ना काही लिहून द्यावे असे सर्वानुमते ठरले. कोणी नागलीच्या पापडांची कृती दिली, कोणी सहलीचा वृत्तांत दिला. माझ्या वाट्याला 'काहीतरी इतिहासाचे' आले. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. सातवीपर्यंत मी तोच शिकले. पण बायकांचाही एक इतिहास आहे आणि तो चुलीपाशी व बाजेवर घडलेला आहे. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, आणि हे ठरवण्याची साधने बाईच्या हाती कधी व कशी आली, हा तो इतिहास. असा विषय चारचौघींत बोलू नये असे काही जणींना वाटेल. पण हळदीकुंकवाला जमलो म्हणजे कोपऱ्यात हळू आवाजात हाच विषय चालतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मग तो एकदा छापून आला तर काय बिघडले?

'आदिवासी भागातल्या बायका अडाणी, त्यांना पटवून पटत नाही,' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वाचनालयातली पुस्तके चाळली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले, आणि माझे मत निराळे झाले. अडाणीपणाचा वाटा आहे, नाही असे नाही, पण तो थोडा. झालेले मूल जगेल की नाही, घरात शब्द कोणाचा चालतो, दवाखाना किती लांब आहे, आणि साधन देणाऱ्याने बाईला नीट सांगितले, विचारले की नुसते उरकले, या गोष्टींचा वाटा फार मोठा.

आधी जुना काळ पाहू. माझ्या आजीला नऊ मुले झाली, त्यांतली चार राहिली. तेव्हा यात नवल नव्हते. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या हजार बालकांपैकी दीडशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत, आणि एका बाईला सरासरीने सहा मुले होत. ज्या आईने दोन मुले मातीत दिली आहेत, तिला 'आता पुरे' असे म्हणण्याचा धीर कसा व्हावा? आजी म्हणे, "राहतील त्यांतली निम्मी, म्हणून देवाने जास्त दिली." हा अडाणीपणा नव्हे, हा हिशेब होता.

उपाय नव्हते असेही नाही. झाडपाला होता, भगताचा दोरा होता, आणि सगळ्यांत चालणारा उपाय म्हणजे मूल दोन-दोन, तीन-तीन वर्षे अंगावर पाजणे. बाळ फक्त आईच्याच दुधावर आहे आणि पाळी आलेली नाही, तोवर पहिले सहा महिने दिवस राहण्याचा संभव फार कमी, असे आता डॉक्टरही मान्य करतात. सहा महिन्यांपुढे मात्र त्याचा भरवसा नाही, आणि तिथेच आमच्या आज्या फसत.

त्यातून आपल्या या भागाची दशा आणखी वेगळी. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलायचे आणि नवराबायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे, अशा 'लग्नगड्यां'ची पद्धत इथे होती. गोदावरी परुळेकरांनी आपल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती सारी हकीकत लिहून ठेवली आहे. मे १९४५ मध्ये आपल्या शेजारच्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली, आणि त्यानंतर वेठ व लग्नगडी या दोन्ही गोष्टी मोडल्या. त्याआधी ज्या बाईचा दिवसभराचा घामदेखील तिचा नव्हता, ती आपल्या कुशीवर हक्क कसला सांगणार? म्हणून संततिनियमनाचा इतिहास लिहिताना मी झरीची सभाही त्यात धरते. कोणी विद्वान धरोत न धरोत.

आपल्याकडे वेठ चालू होती त्याच काळात, डहाणू स्टेशनातून आगगाडीने काही तासांवर असलेल्या मुंबईत एक वेगळीच गोष्ट घडत होती. १९२१ साली प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी तिथे संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनला मेरी स्टोप्स बाईंचे प्रसिद्ध केंद्र निघाले तेही त्याच साली. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या एक दिवसही मागे नव्हती, असे म्हणायला हरकत नाही.

रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म १८८२ चा. त्यांची आई राधाबाई १८९१ साली वारली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले. संततिनियमनाचा उघड प्रचार करू लागल्यावर ही गोष्ट कॉलेजच्या चालकांना रुचली नाही आणि त्यांना ती नोकरी सोडावी लागली. भरल्या पगाराची नोकरी गेली, तरी त्यांनी काम सोडले नाही. घर चालवण्याचा भार मालतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, उचलला. आपल्याला मूल नको हे दोघांनी मिळून ठरवले होते, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतः करून घेतली. भगिनींनो, ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. शंभर वर्षांपूर्वी एका पुरुषाने बायकोला टेबलावर न पाठवता स्वतः जाऊन ऑपरेशन करून घेतले. आज आपल्या पाड्यांवर असे किती निघतील? एका हाताच्या बोटांवर मोजावे.

१९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक काढले आणि १९५३ साली स्वतः निवर्तेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते चालवले. त्यात शरीरविषयक शंकांना सरळ उत्तरे असत. एवढ्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दंड झाला. पण बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या श्री. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्या वेळच्या भाषणात म्हटले होते की, बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागत्या, तर एकाहून अधिक मुलाला त्यांच्यातला एकही तयार झाला नसता. ठराव अर्थातच नामंजूर झाला. मते देणारे बहुतेक पुरुषच होते, हे सांगायला नको.

१९२१ सालीच केंद्र निघाले, तर मग ते आपल्यापर्यंत यायला पन्नास वर्षे का लागली? एक तर कर्व्यांच्या केंद्रात मिळणारी साधने, रबरी टोपी वगैरे, विकत घ्यावी लागत, आणि ती वापरायला घरात पाणी, आडोसा आणि थोडा एकांत लागे. एका खोलीत, कुडाच्या झोपडीत सासूसासऱ्यांसह राहणाऱ्या बाईला तो कुठून? दुसरे, त्यांचे मासिक वाचायला वाचता यायला हवे होते. आपल्या भागात मुलांच्या शिक्षणाचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केले, मग १९५७ साली ते कोसबाडला आणले. आणि तिसरे कारण लाज. सुशिक्षित पुणे-मुंबईकरच कर्व्यांचे नाव उघड घेत नसत, तिथे इतरांचे काय? ज्या महर्षींनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, ते योग्यच झाले. मुलगा त्याआधी पाच वर्षे गेला, कसल्याही मानाशिवाय. पुढे २००१ साली अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा बोलपट काढला.

कर्व्यांच्या वर्तुळातल्याच शकुंतलाबाई परांजपे. रँग्लर परांजप्यांची ही कन्या. संततिनियमनाचा विषय घेऊन ही बाई खेड्यापाड्यांतून हिंडली, पुरुषांना नसबंदीसाठी तयार करीत असे. पुढे राज्यसभेत गेली, १९९१ साली तिला या कामाबद्दल पद्मभूषण मिळाले. त्या काळी एका बाईने अनोळखी गावात पुरुषांपुढे उभे राहून हा विषय बोलावा, याला छाती लागते. आपल्याला अजून आशाताईसमोर बोलताना पदर तोंडाला लागतो.

बाईचे मत विचारावे की नाही, यावर थोरामोठ्यांतही वाद झाले. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई वर्ध्याला येऊन महात्माजींना भेटल्या. गाठीभेटी दोन दिवस चालल्या. महात्माजींचे म्हणणे, संयम हाच उपाय, आणि बायकांनी नवऱ्याला 'नाही' म्हणायला शिकावे. सँगर बाईंचे म्हणणे, 'नाही' म्हणणे ज्या बाईला शक्यच नाही तिचे काय? महात्माजींविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. तरीही या एका बाबतीत माझे मन सँगर बाईंच्या बाजूने जाते. संध्याकाळी ताडी पिऊन आलेल्या नवऱ्यापुढे संयमाचा उपदेश कितपत टिकतो, हे महात्माजींना कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. त्याच सुमारास त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषद भरली होती, तिथे सँगर बाई बोलल्या आणि परिषदेतल्या भगिनींनी संततिनियमनाच्या बाजूने कौल दिला.

स्वातंत्र्य आले. १९४९ साली मुंबईत श्रीमती धनवंती रामा राव, आवाबाई वाडिया वगैरे भगिनींनी कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय संस्था स्थापली. १९५२ साली मुंबईतच जगभरच्या लोकांची परिषद भरली. पहिल्या पंचवार्षिक योजनेतच सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. जगात असे करणारे आपलेच सरकार पहिले.

त्या पहिल्या वर्षांतली एक गंमत वाचली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वस्त आणि निरुपद्रवी म्हणून 'दिवस मोजण्याची' पद्धत बायकांना शिकवायचे ठरले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना तारखा कशा कळणार, म्हणून त्यांना मण्यांच्या माळा दिल्या. हिरवा मणी म्हणजे निर्भय दिवस, तांबडा म्हणजे धोक्याचा. रोज एक मणी सरकवायचा. कल्पना सुंदर, पण घरात ती चालेना. अंधारात रंग दिसेनात, मुले माळेशी खेळून मणी मागेपुढे करीत, आणि काही जणींना वाटले की माळ गळ्यात घातली की झाले, ताईतासारखी. लोक या बायकांना हसले असतील. मला हसू येत नाही. माळ बाईच्या गळ्यात दिली, पण तांबड्या मण्याच्या दिवशी जो ऐकणार नाही त्याच्या गळ्यात काहीच घातले नव्हते.

मग १९६५ साली आला लूप. प्लास्टिकची वेटोळी, गर्भाशयात बसवायची. खर्च थोडा, एकदा बसवला की वर्षानुवर्षे काळजी नाही, आणि नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. बायकांच्या सोयीचे असे हे पहिलेच साधन. सुरुवातीला पुष्कळ जणींनी तो बसवून घेतला. वर्ष-दोन वर्षांत मात्र तो एकदम बदनाम झाला. का झाला हे नीट पाहिले पाहिजे, कारण आजची तांबी त्याच बदनामीचा वारसा भोगते आहे.

लूप बसवल्यावर काही बायकांना पाळीच्या वेळी जास्त रक्त जाते, कंबर दुखते. जिच्या अंगात रक्त पुरेसे आहे ती हे सोसते आणि दोन-तीन महिन्यांत बरेचदा ठीक होते. पण आपल्याकडची बाई आधीच पांढरी फटक. भात-आंबिलावर जगणारी, सहा बाळंतपणे झालेली. तिला आणखी रक्त गेले की चक्कर येणार, लावणीच्या दिवसांत उभे राहवणार नाही. तिला आधी तपासले नाही, 'असे होईल, घाबरू नको, जास्त झाले तर अमुक दिवशी ये' हे सांगितले नाही. लूप बसवणारी मंडळी शिबिर उरकून गेली, मागे विचारायला कोणी नाही. तेव्हा एकीला त्रास झाला की विहिरीवर दहा जणींना कळायचे. लूप वर चढून काळजात जातो, अशी आवई उठली. ती आवई खोटीच होती, पण उठली कशामुळे? जिथे सांगणारा कोणी नसतो तिथे आवई सांगते.

१९६८ साली निरोध आला, पंधरा पैशांना तीन. चहाच्या आणि साबणाच्या कंपन्यांच्या माणसांनी तो दुकानादुकानांत पोहोचवला, लाल त्रिकोणाची पाटी भिंतीभिंतींवर आली. पण गावच्या एकुलत्या एका दुकानात, जिथे दुकानदार सासऱ्याच्या ओळखीचा, तिथे तो मागणार कोण? त्यात तो वापरायचा पुरुषाने. जाऊ द्या.

आता त्या काळाकडे यावे लागते, ज्याची आठवण अजून जुन्या माणसांना आहे. जून १९७५ ते मार्च १९७७ ही आणीबाणी. आमचे सासरे सांगत, सरकारी जीप आली की बाप्ये रानात पळत, सांजेला परत येत. १९७६-७७ या एकाच वर्षात देशभर सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी राग काढला. 'कुटुंबनियोजन' हा शब्दच इतका कडू झाला की खात्याचे नाव बदलून 'कुटुंबकल्याण' करावे लागले.

या सक्तीची किंमत कोणी मोजली? पळाले पुरुष, आणि भरले बायकांनी. पुरुषांना हात लावायला त्यानंतर एकही सरकार धजले नाही. शस्त्रक्रियांचे आकडे तर भरायचेच होते, ते बायकांवर आले. बाईची शस्त्रक्रिया पोटाची, पुरुषाची त्याहून कितीतरी सोपी. त्याला पोट उघडावे लागत नाही, तो त्याच दिवशी घरी जातो. तरीही २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी शेकडा ३७.९ जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया केलेली होती, आणि नवऱ्याने केलेली आहे अशा होत्या शेकडा ०.३. हे दोन आकडे आपल्या मंडळाच्या भिंतीवर लावावेत असे मला वाटते. आपल्याकडे विचारले तर उत्तर ठरलेले : त्याची ताकद जाईल, ताडावर चढता येणार नाही, नांगर धरता येणार नाही. डॉक्टर म्हणतात, यातले काही होत नाही. बाईला दोन दिवसांनी हंडा उचलावा लागतो, तिच्या ताकदीची चौकशी सहसा होत नाही.

ऐंशीच्या दशकात दुर्बिणीचे, म्हणजे बिनटाक्याचे ऑपरेशन आले आणि शिबिरे सुरू झाली. एका दिवसात पुष्कळ बायका, जमिनीवर अंथरलेल्या सतरंज्या, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला ठरवून दिलेला आकडा. नर्सबाई वाईट नव्हत्या, त्यांच्याही पगाराचा प्रश्न होता. पण जिच्या डोक्यावर आकडा असतो ती समोरच्या बाईला 'तुला काय हवे?' असे विचारत नाही, 'तू कधी येतेस?' असे विचारते. १९९६ साली हे आकडे काढून टाकण्यात आले, निदान कागदावर तरी. तरी शिबिरे चालूच राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढमधल्या बिलासपूर जिल्ह्यात अशाच शिबिरानंतर तेराएक बायका दगावल्या, तेव्हा देश हादरला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरे बंद करण्याचा हुकूम दिला.

माझ्या स्वतःच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळची गोष्ट. मूल होऊन दुसरा दिवस उजाडला नव्हता तो खाटेपाशी कागद आला, अंगठा कुठे करायचा ते दाखवले. मी म्हटले, मला सही येते, आणि आधी वाचते. कागद आणणारीला राग आला. तिने सासूबाईंकडे पाहिले, सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहणारे त्या खोलीत एक तान्हे बाळच होते. मी ऑपरेशन पुढे केले, स्वतःहून केले, धाकटीला दोन वर्षे पूर्ण झाल्यावर. ऑपरेशनला माझा विरोध नव्हता. मूल जगलेले आधी डोळ्यांनी पाहायचे होते.

मूल जगण्याची ही भीती आपल्याकडे जुनी कहाणी नाही. १९९२-९३ साली आपल्या शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले गेली, ते वर्तमानपत्रांत देशभर छापून आले. अशा वर्षी जव्हार-मोखाड्याच्या आईला 'दोनच पुरेत' असे सांगणाऱ्याने आधी तिच्या घरात धान्य आहे का ते पाहावे. जिथे लसीकरण पोहोचले, अंगणवाडी नीट चालली, बाळंतपण दवाखान्यात होऊ लागले, तिथे न सांगता मुले कमी झाली. आज महाराष्ट्रात सरासरीने एका बाईला दोनाहूनही कमी मुले होतात. ज्या पिढीला सहा व्हायची, तिच्या नातींची ही गोष्ट. आणि या नाती ऑपरेशनच्या टेबलावर सक्तीने नेलेल्या नाहीत.

मग आता आपल्या उधव्याकडे काय राहिले आहे? माझ्या मते प्रश्न 'किती' हा राहिला नाही, 'केव्हा' हा राहिला आहे. मुलीचे लग्नाचे वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा केले, १९४९ साली पंधरा, आणि १९७८ साली अठरा. कायद्याला पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या पाड्यांवर सतरा वर्षांची पोर कडेवर मूल घेऊन हिंडताना दिसते. पहिले बाळंतपण वाढ पुरी होण्याआधी, दुसरे वर्षभरात, आणि मग विशीत ऑपरेशन. साऱ्या आयुष्याचा हिशेब तीन वर्षांत संपला. मधे अंतर ठेवायचे साधन तिला कोणी दिलेच नाही. आपल्या देशाने साठ वर्षे 'थांबा' एवढेच शिकवले, 'थोडे थांबा' हे शिकवायला उशीर केला.

मधल्या अंतरासाठी आता पुष्कळ साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तांबी एक पाच वर्षांची आहे, एक दहा वर्षांची, हवी तेव्हा काढता येते. 'छाया' नावाची गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्याला एक. ती लखनौच्या आपल्याच शास्त्रज्ञांनी शोधलेली, पूर्वी 'सहेली' नावाने मिळत असे. तिने अंगावरचे दूध कमी होत नाही. आणि २०१७ पासून 'अंतरा' नावाचे इंजेक्शन आहे, तीन महिन्यांतून एकदा. घरी गोळीचे पाकीट लपवायला नको, म्हणून पुष्कळ सुनांना ते आवडते. लपवावे लागू नये हे खरे, पण जोवर लागते आहे तोवर त्या सुनांचे काय चुकले? शिवाय एक गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते : सज्ञान बाईला यांतल्या कुठल्याही साधनासाठी, अगदी स्वतःच्या ऑपरेशनसाठीसुद्धा, नवऱ्याची सही लागावी असा नियम नाही. सही मागतात ती रिवाजाने मागतात.

दुसरा एक नियम मात्र बायकांवर उलटला आहे. २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. हेतू चांगला असेल. पण तिसरे मूल व्हावे की नाही हे जिच्या हाती नव्हते, तिची सरपंचाची खुर्ची मात्र त्या मुलामुळे जाते. पंचायतीत अर्ध्या जागा आपल्यासाठी राखून ठेवल्या आणि दाराला ही कडी घातली.

शेवटची अडचण आपल्या भागाची अगदी खासगी आहे, आणि शहरातल्या माणसाला ती सुचणार नाही. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो, कोणी वसई-भिवंडीकडे, कोणी वापी-उंबरगावकडे. परततात ते पावसाच्या तोंडाशी. अंतराचे इंजेक्शन दसऱ्याला घेतले, तर पुढचे पौषात भट्टीवर असताना येते. तिथे दवाखाना ठाऊक नाही, मुकादम सुटी देत नाही, आणि बाई म्हणते, आता गावी गेल्यावर बघू. तेवढ्यात दिवस राहतात. मग 'इंजेक्शनचा उपयोग होत नाही' असे गावभर होते, लुपाचे झाले होते तसेच.

म्हणून, ज्या भगिनींच्या घरच्या सुना-लेकी या वर्षी भट्टीवर जाणार आहेत त्यांच्यासाठी एवढे लिहिते. अंतराचे कार्ड रेशनकार्डाबरोबर पिशवीत ठेवावे, कारण ते पाहून दुसरीकडच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही आधीची तारीख कळते. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी इंजेक्शन घेतले तर चालते, आणि उशीर झालाच तर तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येते. जिला तेही जमण्यासारखे नाही तिने निघण्यापूर्वीच नर्सबाईंना भट्टीचे सांगावे, म्हणजे त्या तांबीचा किंवा छायाच्या गोळ्यांचा विचार सुचवतील. आशाताई दिवाळीच्या आठवड्यात पाड्यांवर फिरतात, तेव्हा त्यांना घरात बसवून हे सारे विचारून घ्यावे, आणि सासूने त्या वेळी अंगणात जाऊन बसावे.